कोळंबीच्या सालातलं कायटोसॅन आणि आत्याचे हात

मे महिन्यात रत्नागिरीला गेले होते, आत्याकडे. चहा देताना तिचे हात बघितले आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात घोळतंय. आत्या गेली बरीच वर्षं कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जाते, पहाटे निघते, किलोवर पैसे मिळतात, आणि सगळं काम बर्फाच्या पाण्यात. कोळंबीच्या डोक्याला जो टोकदार काटा असतो तो बोटात रुततो, सालाच्या कडा पण धारदार असतात, वर सतत ओले हात, त्यामुळे बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, नखांच्या कडेची कातडी सोलवटलेली, आणि अंगठ्याजवळ तर इतकं लाल झालेलं की मीठ-मसाला लागला की ती कळवळते. मी विचारलं तर म्हणाली, "काय सांगू गो, हातच नाही राहिले माझे."

आणि माझ्या पर्समध्ये त्याच वेळी एक सिरम होतं. नवीनच घेतलेलं, बाटलीवर मोठ्या अक्षरात बॅरियर रिपेअर लिहिलेलं, आणि मागच्या इन्ग्रेडिएंट लिस्टमध्ये चौथ्या-पाचव्या नंबरला कायटोसॅन. मला माहीत होतं की हे कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढतात, म्हणून मी तिला सांगितलं की आत्या हे तुझ्या कोळंबीच्या सालापासून बनतं आणि कातडीला लावायचं असतं. तिनं बाटली हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, वास घेतला आणि म्हणाली ह्याला वास कसा नाही मग? हा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. मग घरी येऊन वाचायला बसले, आणि माझं शिक्षण केमिस्ट्रीतलंच असल्यामुळे वाचत गेले ते वाचतच गेले.

तर आधी साल म्हणजे काय ते. कोळंबीच्या वाळलेल्या सालात ढोबळमानाने तीन गोष्टी असतात, प्रोटीन, कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आपल्या खडूतला चुना तो, आणि कायटिन. कायटिन ही साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी आहे, लाकडातल्या सेल्युलोजची चुलत बहीण म्हणा, फक्त ह्या साखळीतल्या प्रत्येक कडीला एक नायट्रोजनवाला गट चिकटलेला असतो. निसर्गात सेल्युलोजच्या खालोखाल हीच साखळी सगळ्यात जास्त सापडते असं मानतात. झुरळाच्या पंखात, भुंग्याच्या पाठीत, अळंबीत पण. गंमत म्हणजे शोध पहिला अळंबीतच लागला, १८११ साली ब्राकोनो नावाच्या फ्रेंच माणसाला. मग १८२३ मध्ये ओदिए ह्यांनी किड्यांच्या कवचातून तेच काढलं आणि ग्रीक भाषेतल्या अंगरख्याच्या शब्दावरून कायटिन नाव दिलं. मला हे नाव फार आवडलं, अंगरखा. पुढे १८५९ मध्ये रूजे ह्यांनी कायटिन कडक अल्कलीत उकळवलं तर ते आम्लात विरघळायला लागलं, आणि १८९४ मध्ये होप-सायलर ह्यांनी त्या नव्या पदार्थाला कायटोसॅन म्हटलं. म्हणजे सिरमच्या जाहिरातीत जे अगदी नवं म्हणून दाखवतात त्याला शंभरच काय, सव्वाशेच्या वर वर्षं झाली.

घरी एक प्रयोग केला, भाचीला सुट्टी होती म्हणून. चिंबोरीच्या पाठीचं कवच स्वच्छ धुवून साध्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. लगेच बारीक बुडबुडे यायला लागतात, तो चुना आम्लात विरघळून कार्बन डायॉक्साइड निघत असतो. रोज व्हिनेगर बदललं. काही दिवसांनी कवच हातात घेतलं तर टणकपणा गेलेला, ओल्या चामड्यासारखं वाकतंय, पिरगाळलं तरी तुटत नाही. राहिलं ते कायटिन आणि प्रोटीन. भाची ते बोटाला गुंडाळून घरभर फिरत होती. मला मात्र ते बघून पहिल्यांदा नीट कळलं की कवचाचा टणकपणा चुन्याचा आणि चिवटपणा कायटिनचा.

कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर करतात. पातळ कॉस्टिक सोड्यात प्रोटीन काढून टाकायचं, हायड्रोक्लोरिक आम्लात चुना काढायचा, रंग घालवायचा, मग उरलेलं कायटिन चाळीस-पन्नास टक्के कॉस्टिक सोड्यात चांगलं गरम करायचं, की मग नायट्रोजनला चिकटलेले अॅसिटिल नावाचे छोटे गट सुटतात आणि कायटोसॅन तयार होतं. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे, वास प्रोटीन कुजण्याचा आणि माशाच्या बाकीच्या घटकांचा असतो, आणि ते सगळं सोड्यात वाहून गेलेलं असतं. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं ह्यावर फार आधीपासून काम केलंय, कोळंबी निर्यातीच्या शेडमधून निघणाऱ्या सालांचं करायचं काय हा त्यांच्यापुढचा खराखुरा प्रश्न होता. जगभरात कोळंबी, खेकडे, शेवंडं म्हणजे लॉबस्टर ह्यांची मिळून वर्षाला साठ ते ऐंशी लाख टन कवचं वाया जातात असा अंदाज आहे. आत्याकडे ती सालं कुणी माडाच्या बुंध्यात टाकतं, कुणी फेकून देतं, आणि पावसाआधीच्या उन्हात त्या ढिगाजवळून जाताना श्वास धरावा लागतो.

इथं एक कळकळीची विनंती. कुणीतरी व्हिडिओत कोळंबीची सालं वाळवून मिक्सरला लावून फेसपॅक करताना दाखवलं म्हणून ते करू नका. त्या पावडरीत कायटोसॅन नसतंच. कच्चं प्रोटीन असतं, ज्यानं अॅलर्जी होते, आणि टोकदार चुन्याचे कण असतात, ज्यानं कातडी खरवडते. आणि कॉस्टिक सोडा घरात उकळवायचा विचार तर मनातही आणू नका, डोळे जातील.

आता मुद्द्याचं, कातडीवर लावलं की हे करतं काय.

कायटोसॅनची सगळी मदार एका गोष्टीवर आहे, ते आम्ल पाण्यात पॉझिटिव्ह चार्जचं होतं. पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, साडेसहाच्या खाली आला की त्या नायट्रोजनवर एक जास्तीचा हायड्रोजन येऊन बसतो आणि अख्खी साखळी पॉझिटिव्ह होते. निसर्गातून येणाऱ्या ह्या जातीच्या साखळ्या बहुतेक सगळ्या निगेटिव्ह नाहीतर न्यूट्रल असतात, हे वेगळं पडतं. आणि आपली कातडी आणि केस, ह्यांचा पृष्ठभाग निगेटिव्हकडे झुकलेला. त्यामुळे कायटोसॅन लावलं की ते कातडीला धरून बसतं, पाणी उडून गेलं की मागे एक पातळ, पारदर्शक पापुद्रा राहतो. हा पापुद्रा थोडं पाणी धरून ठेवतो, थोडं बाहेर जाऊ देतो, आणि वरून घासलं जाणारं थोडं अडवतो. रेणू एवढा अवजड की धड कातडीतून आत जायचा प्रश्नच जवळजवळ नाही. स्किनच्या डॉक्टरांमध्ये एक ढोबळ नियम आहे की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठे रेणू वरच्या थरातून सहसा आत जात नाहीत, आणि कायटोसॅन हजारो, लाखो डाल्टनचं असतं. म्हणजे जे काय काम आहे ते वरच्या वर.

मला इथं थांबून सांगायचंय, कारण बाटलीवर लिहिलेलं रिपेअर आणि हे, ह्यात फरक आहे आणि तो फरक आत्यासारख्या बाईला पैसे खर्च करायला लावण्याआधी कळला पाहिजे. कातडीचा खरा बॅरियर म्हणजे सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर, चेहऱ्यावर वगैरे अगदी पातळ, दहा-वीस मायक्रॉन, तळहाताला पुष्कळ जाड. ह्या पेशी म्हणजे भिंतीतले चिरे समजा आणि त्यांच्यामधला गिलावा म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अॅसिड, सगळे स्निग्ध पदार्थ. दिवसभर पाण्यात, साबणात हात असले की गिलावा धुतला जातो. त्यात तळहाताला तेलाच्या ग्रंथीच नसतात, तिथं वरून तेल यायची सोय नाही. कायटोसॅन ह्या गिलाव्यात काहीही भरत नाही, ते स्निग्ध नाहीच मुळी. ते भिंतीवर बाहेरून लावलेल्या झडपासारखं आहे, कोकणात पावसाळ्यात भिंत भिजू नये म्हणून झावळ्यांचं झडप बांधतात ना तसं. झडपानं भिंत वाचते, आतली गळती भरत नाही. आणि झडप काढून टाकलं की संपलं, हात धुतला की हा पापुद्रा पण हळूहळू जातो.

उलट आमच्या आजीकडे जे होतं ते भिरंडेल, कोकमाच्या बियांचं तेल, थंड झालं की घट्ट होणारं. टाचांच्या भेगांना ते विस्तवावर पातळ करून लावायची. ते खरोखर स्निग्ध, भेगेत बसणारं, पाणी उडू न देणारं. आत्याकडे अजूनही डबीत आहे, पण ती म्हणते दिवसा लावलं की कोळंबी हातातून निसटते आणि शेडमध्ये चालत पण नाही. अडचण अगदी खरी आहे. म्हणून मला कायटोसॅनमध्ये इतका रस वाटला, की न चिकटणारा, तेलकट नसलेला पापुद्रा जर दिवसा हातावर राहिला तर बरंच होईल.

मी आधी स्वतःवर वापरलं. मला हिवाळ्यात आणि भांडी घासायच्या दिवसांत हाताला कोरडेपणा येतो, आत्याइतका नाही पण येतो. पहिल्या आठवड्यातच एक गडबड झाली. मी रोज जे कोरफडीचं जेल लावायचे त्यावरच हे सिरम लावलं, तर दोन मिनिटांत हातावर खोडरबरच्या चुऱ्यासारखे बारीक गोळे. मला वाटलं सिरम खराब निघालं. मग जेलची लिस्ट वाचली, त्यात कार्बोमर, म्हणजे जेल घट्ट करायला घालतात तो पदार्थ. कार्बोमर निगेटिव्ह चार्जचं, कायटोसॅन पॉझिटिव्ह, दोघं एकमेकांना धरतात आणि साका होऊन खाली बसतो, दुधात लिंबू पिळल्यावर फाटतं तसं दिसायला. हायलुरोनिक अॅसिड पण निगेटिव्हच, त्याच्यावर लावलं तरी हेच होऊ शकतं. घट्टपणासाठी घालतात त्या झँथन गमचंही तेच. तेव्हा तुमच्याकडे असं सिरम असेल आणि गोळे येत असतील तर चूक तुमच्या चोळण्यात नाही, खालच्या थरात काय आहे ते बघा. कायटोसॅन आधी, नुसत्या ओलसर कातडीवर, ते वाळू द्यायचं, मग वरून क्रीम. असं केल्यापासून माझे गोळे बंद झाले.

दुसरी गोष्ट चुरचुर. एका बोटाला सुरीनं कापलेलं होतं तिथं सिरम लागलं आणि चांगलंच झोंबलं. बऱ्याच जणी म्हणतात झोंबतंय म्हणजे काम करतंय. नाही हो. साधं कायटोसॅन विरघळायलाच आम्ल लागतं, म्हणून त्यात लॅक्टिक किंवा तसलं काहीतरी आम्ल घातलेलं असतं, आणि ते उघड्या जखमेला झोंबतं, एवढंच. काही कंपन्या कार्बॉक्सिमिथाइल कायटोसॅन वापरतात, ते आम्लाशिवाय साध्या पाण्यात विरघळतं, त्यामुळे सहसा तितकं झोंबत नाही, पण त्यावर निगेटिव्ह गट पण बसवलेले असतात म्हणून ते कातडीला तितकं घट्ट धरेल असं नाही. लिस्टमध्ये नुसतं कायटोसॅन आहे की पुढे-मागे काही जोडलंय ते वाचायची सवय लावून घ्या, नावं सारखी दिसली तरी वागणं सारखं नसतं.

जखमेवरून आठवलं. कायटोसॅनच्या जाहिरातीत हमखास लिहितात की हे सैनिकांच्या जखमेवर वापरतात. ते खरं आहे. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धात अमेरिकन सैन्याकडे कायटोसॅनच्या पट्ट्या होत्या, रक्त थांबवायला. तांबड्या पेशींचा पृष्ठभाग निगेटिव्ह असतो, त्या पट्टीला चिकटून गठ्ठा करतात आणि वाहणारं रक्त अडतं. पण ती पट्टी म्हणजे जवळजवळ सगळं कायटोसॅन, दाबून धरलेलं, आणि सिरममध्ये त्याचा थोडासा अंश. दोन्हीत पदार्थ एकच म्हणून परिणाम पण एकच, असं मांडणं मला पटत नाही, वाचणाऱ्याची दिशाभूल होते त्यानं. त्यापेक्षा नखाच्या बुरशीवरच्या औषधी लॅकरचं, म्हणजे नेलपॉलिशसारख्या लावायच्या औषधाचं उदाहरण मला जवळचं वाटतं. सायक्लोपिरॉक्स नावाचं औषध नखावर नीट पसरून बसावं म्हणून त्यात हायड्रॉक्सिप्रोपिल कायटोसॅन घालतात. तिथं त्याचं काम पापुद्रा धरणं हेच आहे आणि ते काम ते करतं.

माझ्या जाऊबाईंना कोळंबीची अॅलर्जी आहे, एक तुकडा खाल्ला तरी ओठ सुजतात. त्यांनी माझ्याकडे बाटली बघितली आणि लांबूनच विचारलं मला चालेल का गं. तर अॅलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रोटीनची असते, कायटिनची नाही, आणि नीट शुद्ध केलेल्या कायटोसॅनमध्ये प्रोटीन जवळजवळ उरत नाही. पण जवळजवळ म्हणजे शून्य नव्हे, आणि कुठल्या कंपनीनं किती शुद्ध केलंय ते आपल्याला बाटलीवरून कळत नाही. मी त्यांना म्हटलं वहिनी, तुम्ही हे वापरू नका, बुरशीपासून बनवलेलं कायटोसॅन पण मिळतं, अॅस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीपासून किंवा बटण मशरूमपासून, त्यावर तसं लिहिलेलं असतं, आणि ते पण डॉक्टरांना विचारून. शाकाहारी लोकांसाठी पण तेच. आमच्या सोसायटीत एक जैन मैत्रीण आहे, तिनं वर्षभर एक क्रीम वापरलं आणि मग तिला कळलं की त्यातलं कायटोसॅन कवचाचं आहे, तिला फार वाईट वाटलं. अशा वेळी बाटलीवर उगम लिहिलेला असायलाच हवा, हे माझं ठाम मत आहे.

अजून एक काळजी. औषधं कातडीतून किंवा नाकाच्या आतल्या अस्तरातून आत न्यायला मदत म्हणून कायटोसॅनवर बराच अभ्यास झालाय. म्हणजे ते स्वतः आत जात नसलं तरी दुसऱ्याला वाट करून द्यायची शक्यता असते. त्यामुळे हात किंवा चेहरा आधीच फुटलेला असेल तर त्याच्यासोबत रेटिनॉल, तीव्र अॅसिड वगैरे लावू नये असं मला वाटतं. कातडी शांत होऊ द्या आधी.

बरं, मग मला फरक पडला का. मी सहा आठवडे असं केलं, डाव्या हाताला सिरम आणि वरून सेरामाइडचं साधं क्रीम, उजव्या हाताला फक्त तेच क्रीम. दिवसा डावा हात जास्त मऊ वाटायचा, भांडी झाल्यावर ओढल्यासारखं कमी व्हायचं. सकाळी उठल्यावर मात्र दोन्ही हात सारखे. क्रीम चुकवलं आणि नुसतं सिरम लावलं त्या तीन-चार दिवसांत तर डावा हात उलट ताणल्यासारखा वाटला, पापुद्रा वाळला की ओढतो थोडा. माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं, क्रीमच्या जोडीला ठीक, क्रीमच्या जागी नाही. माझा उजवा हात जास्त वापरात असतो हे पण ह्यात धरायला हवं, तेवढी खोट त्या तुलनेत आहेच.

माझे सहा आठवडे पुरे व्हायच्या आधीच, मे अखेरीला, मी आत्याला पार्सल पाठवलं. सिरमची बाटली, सेरामाइडचं क्रीम, आणि सुती हातमोज्यांचे चार जोड, रबरी मोज्यांच्या आत घालायला, कारण नुसते रबरी घातले की आत घाम साठतो आणि हात अजून फुगतात. आणि आधी तिला स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण मासे-कोळंबी हाताळणाऱ्यांना त्या प्रोटीनमुळेच हातावर अॅलर्जीचा त्रास होऊ शकतो, आणि तसं असेल तर कायटोसॅनच काय, कुठलंच सिरम लावून भागत नाही. डॉक्टरांनी दोन आठवड्यांचं मलम दिलं, मोजे सक्तीचे केले आणि कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितल्याशिवाय सिरम वापरू नका म्हणाले. तिनं तीन दिवस लावून बघितलं, काही झालं नाही.

परवा फोन आला. आवाजात एवढा आनंद, हात बरे झाले गो, तुझ्या त्या पाण्यानं बरे झाले. मला भरून आलं एकदम. आणि मग लक्षात आलं की हे जुलै आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तिची शेड बंद, आत्या दोन महिने घरी. बर्फाचं पाणी नाही, काटे नाहीत. शिवाय डॉक्टरांचं मलम, शिवाय क्रीम. दरवर्षी पावसाळ्यात तिचे हात थोडे बरे होतातच, आई पण तेच म्हणाली. मी आत्याला तसं सांगितलं. ती म्हणाली असू दे, पण रात्री क्रीम लावते त्यानं बरं वाटतं, आणि ते पाणी संपत आलंय.

दुसरी बाटली अजून घेतलेली नाही. क्रीम आणि मोजे मात्र ऑर्डर केलेत, ऑगस्टमध्ये शेड सुरू व्हायच्या आत पोचले पाहिजेत. शेडमध्ये मोजे घालून सोलायला वेग कमी होतो, किलो कमी भरतात, म्हणून बाकीच्या बायका घालत नाहीत असं ती म्हणत होती. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाहीये. तुमच्या घरात, ओळखीत कुणी कोळंबी सोलायला जात असेल आणि बोटांना नीट बसणारे, पातळ पण काटा न रुतणारे मोजे वापरत असेल तर मला जरूर कळवा, कुठे मिळतात तेवढं तरी.